ईएन (इलेक्ट्रोलेस निकेल) प्लेटिंगला नवीन येताय? जॉब, म्हणजे प्लेटिंगला आलेला भाग, कुठं चालणार ते आधी विचारा

डिप्लोमा करून कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला एका प्लेटिंग शॉपमध्ये लागलो. पहिल्याच वर्षी व्हॉल्व्हचे स्पिंडल आले. 'कडक पाहिजेत' एवढाच निरोप. मी इलेक्ट्रोलेस निकेल, म्हणजे करंटशिवाय द्रावणातून बसणारा निकेलचा थर, चढवून ते 400 अंशाला तासभर भट्टीत ठेवले. कडकपणा 500 वरून 900 विकर्सपर्यंत (कडकपणाचं माप) चढला, मी खूश. दोन महिन्यांत माल परत आला, अंगभर गंजाचे बारीक ठिपके. स्पिंडल खाऱ्या पाण्यात चालणार होते आणि मी ते विचारलंच नव्हतं. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

या थरात नुसतं निकेल नसतं, बाथमधल्या (प्लेटिंगच्या द्रावणातल्या) हायपोफॉस्फाइट या रसायनातून फॉस्फरसही बसतो. तो 10 टक्क्यांच्या वर असला की थर काचेसारखा, बिनस्फटिकी होतो आणि गंजाला उत्तम टिकतो. भट्टीत निकेल फॉस्फाइडचे कण तयार होऊन कडकपणा वाढतो, पण थर आकसून बारीक तडे जातात. निकेल जस्तासारखं स्वतः झिजून लोखंड वाचवत नाही, त्यामुळं तड्यातून पाणी शिरलं की खालचं लोखंडच खाल्लं जातं. म्हणून झिजेसाठी भट्टी, गंजासाठी जास्त फॉस्फरस. आणि बाथचा पीएच चढू दिला तर फॉस्फरस कमी बसतो, तेव्हा मोजायचा कंटाळा करू नका.

मला या प्लेटिंगचं सगळ्यात आवडतं ते म्हणजे थर सगळीकडं सारखा बसतो. करंटवरच्या प्लेटिंगमध्ये कडेला जाड, खाचेत पातळ. इथं करंटच नाही, द्रावण पोचेल तिथं निकेल. पण आट्यांवर हाच गुण नडतो. 25 मायक्रॉन चढवले की नेहमीच्या मेट्रिक आट्याचा पिच व्यास (आट्याच्या उतारावर मध्यावर मोजलेला व्यास) थराच्या चौपट, म्हणजे 100 मायक्रॉननं वाढतो. आधी सरसर फिरणारं रिंग गेज (आटे तपासायची कडी) दुसऱ्या आट्यावरच अडतं. टर्निंग उद्यमनगरात होत असेल तर तिथल्या माणसाला हा हिशोब आधीच सांगा. नंतर थर काढणं म्हणजे दुप्पट काम.

आपल्याकडं शिरोलीच्या फौंड्र्यांमुळं बिडाचे जॉब भरपूर. बिडात ग्रॅफाइट असतं, ॲसिडमधून काढल्यावर ते काळ्या काजळीसारखं वर राहतं. त्यावर निकेल चढतं, चमकतंही, पण धरत नाही. जॉब धुतल्यावर पांढऱ्या फडक्यानं एक कोपरा पुसून बघा. फडकं काळं झालं तर वरिष्ठ घाई करत असले तरी जॉब परत धुवायला घ्या.