मिशन कॉल आलाय? मग आधी कुकर लावायला शिका

आपल्या मॉर्मन चर्चच्या (चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स) मुंबई-पुण्याकडच्या ब्रांचमधल्या, म्हणजे छोट्या मंडळीतल्या, कुणाला मिशनचा कॉल, म्हणजे घर सोडून पूर्णवेळ धर्मप्रचाराला जायचं बोलावणं, आला की पहिला प्रश्न हाच असतो, की दादा तयारी काय करू. आणि तयारी म्हणजे त्यांच्या डोक्यात बुक ऑफ मॉर्मन हा आपला धर्मग्रंथ परत एकदा वाचून काढायचं, टायची गाठ शिकायची आणि पांढरे शर्ट घ्यायचे. ते करा, करायलाच पाहिजे. पण मी आंध्र-तेलंगणाकडे मिशन करून आलोय आणि मला मनापासून वाटतं की तिकडे पोरगं खचतं ते कुणी अवघड धर्मप्रश्न विचारला म्हणून नाही, ते खचतं सिंकमधल्या भांड्यांवरून, न झोपल्यामुळे, आणि ज्याला आपण निवडलेलं नाही अशा माणसाबरोबर चोवीस तास राहावं लागतं म्हणून. त्यामुळे हे सगळं रोजच्या जगण्याबद्दल लिहितोय.

आधी घरच्यांसाठी थोडक्यात, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आजी-आजोबा, काका-मावश्या चर्चमध्ये नाहीत आणि त्यांना वाटतं पोरगा कुठेतरी भरती झाला. मुलं 24 महिने जातात, मुली 18 महिने. 2012 पासून मुलांना 18 व्या वर्षी जाता येतं. पगार नसतो, खर्चाचा वाटा आपण आणि घरचे उचलतो, कमी पडलं तर चर्चची मदत असते. कुठे पाठवायचं ते चर्च ठरवतं, आपण जागा मागायची नाही. भारतात बेंगळुरूचं मिशन (इथे मिशन म्हणजे चर्चने आखलेला भाग) 1993 पासून आहे आणि नवी दिल्लीचं 2007 पासून, त्यामुळे मराठी पोरगं हैदराबाद, विशाखापट्टणम, राजमंड्री, चेन्नई, कोइम्बतूर असं कुठेही जाऊन पडू शकतं. मध्ये सुट्टी नाही. चुलतभावाचं लग्न, गणपती, दिवाळी, काही नाही. हे आजीला निघायच्या आदल्या रात्री सांगू नका, कॉल आला त्याच आठवड्यात सांगा, तिला रडायला आणि मग समजून घ्यायला वेळ मिळू दे.

आता दिवस कसा असतो. साधारण साडेसहाला उठायचं, मिशन प्रेसिडेंट (त्या भागाच्या मिशनचे प्रमुख) गावाप्रमाणे थोडं पुढेमागे करतात. अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग स्वतःचा अभ्यास, मग कम्पॅनियनबरोबर, म्हणजे मिशनवर दिलेल्या जोडीदाराबरोबर, अभ्यास, नवीन भाषा असेल तर तिचा वेगळा, आणि मग बाहेर. रात्री नऊच्या सुमारास घरी, उद्याचं प्लॅनिंग, साडेदहाला लाइट बंद. वाचायला सोपं वाटतं, पण ज्याला रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल बघायची सवय आहे त्याचे पहिले काही आठवडे फार वाईट जातात, म्हणून घरी असतानाच, निघायच्या दोन महिने आधीपासून साडेदहाला झोपायला लागा. ही एकच गोष्ट केलीत तरी अर्धं काम झालं.

कम्पॅनियन. हा सगळ्यात मोठा विषय आहे. नियम असा की दोघांनी कायम एकमेकांना दिसेल-ऐकू येईल इतक्या अंतरावर राहायचं, बाथरूम सोडलं तर एकटं कुठेच नाही. तो कुठूनही येऊ शकतो, तमिळ असेल, ओडिया असेल, नॉर्थईस्टचा असेल. साधारण सहा आठवड्यांनी ट्रान्सफर येते, तेव्हा कधी तो बदलतो, कधी तुम्ही, कधी कुणीच नाही आणि अजून सहा आठवडे तेच. भांडण झालं की आपण घरी काय करतो, दार आपटून खाली कट्ट्यावर जातो. तिथे जाता येत नाही. मग काय करायचं तर बाल्कनीत बसा, त्याला दिसाल असं, आणि सांगून बसा की मला दहा मिनिटं दे. न सांगता गप्प बसलात तर तो गप्पपणा दोन दिवस चालतो आणि त्या दोन दिवसांत जिथे जाल तिथल्या लोकांना कळतं की ह्या दोघांचं बिनसलंय.

आठवड्याच्या प्लॅनिंगच्या शेवटी दोघांनी बसून एकमेकांशी मोकळं बोलायचं असतं, त्याला इन्व्हेंटरी म्हणतात. बरेच जण तिथे 'सगळं ठीक आहे' म्हणून उठतात. असं करू नका प्लीज. भांडी, पंख्याचा स्पीड, अलार्म तीनदा वाजणं, ओला टॉवेल गादीवर, हे सगळं तिथे बोलायचं असतं, आणि आधी त्याने केलेली एक चांगली गोष्ट सांगून मग बोलायचं.

स्वयंपाक येत नसेल तर आत्ता शिका. वरण-भाताचा कुकर, अंड्याची भुर्जी, बटाट्याची भाजी, पोहे, एवढ्यावर माणूस जगतो. पैसे महिन्याचे येतात ते आल्या आल्या चार आठवड्यांत वाटून ठेवा, नाहीतर वीस तारखेनंतर नुसता भात आणि लोणचं. जेवणावरून खटके उडू नयेत म्हणून एक दिवस तुमच्या पद्धतीचं, एक दिवस त्याच्या. गोडा मसाला आईकडून नक्की न्या. आंध्रातलं तिखट आपल्या कोल्हापुरी माणसाला पण घाम फोडतं, पहिला महिना दही जवळ ठेवा. पाणी वीस लिटरच्या कॅनचं किंवा उकळलेलंच, कुणाच्या घरी गेल्यावर पण जपून. आणि मच्छरदाणी लावाच, डेंग्यू झाला की किती आठवडे वाया जातात ते झालेल्यालाच विचारा.

चहा. आपल्याकडे चहा नको म्हणणं म्हणजे अपमान आणि तिकडेही तेच आहे, कॉफी तर आणखीच. 1833 च्या वर्ड ऑफ विज्डमप्रमाणे (चर्चचा खाण्यापिण्याचा नियम) आपण चहा-कॉफी घेत नाही, आणि ग्रीन टी पण त्यातच येतो हे चर्चने 2019 मध्ये स्पष्ट सांगितलंय. ह्यात युक्ती अशी आहे की कप समोर आल्यावर नाही म्हणायचं नाही. दारातून आत गेल्या गेल्या, बसायच्या आधी, काय चालेल ते सांगायचं, 'अम्मा, मज्जिगा असेल तर द्या' किंवा नुसतं पाणी. ताक मागितलं की त्या माउलीला काहीतरी द्यायला मिळतं आणि तिला आनंद होतो. घरात बाई एकटी असेल तर एल्डरांनी (मिशनवरच्या मुलांनी) आत जायचंच नाही, बाहेरूनच नमस्कार करून नंतरची वेळ ठरवा, ह्या नियमात सूट घेऊ नका. आणि बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात धर्म काढून बसू नका. राज्याराज्यांत कायदे वेगळे आहेत, लोकांच्या मनात शंका असतात, त्याबद्दल मिशन प्रेसिडेंट जे सांगतील ते अक्षरशः पाळा. अठराच्या आतल्या मुलामुलींच्या बाबतीत आईवडिलांच्या परवानगीशिवाय पुढे जायचं नाही.

उपासाचं पण सांगतो. महिन्याचा पहिला रविवार उपास असतो, पण तो साबुदाणा खिचडीवाला नाही, दोन वेळचं जेवण नाही आणि पाणी पण नाही. मे महिन्यात राजमंड्रीत हे अवघड जातं, शनिवारी रात्री भरपूर पाणी प्या, आणि ताप-जुलाब असतील तर करूच नका, तसा आग्रह कुणी धरत नाही.

भाषेला घाबरू नका. तेलुगु-कन्नडमध्ये क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, वाक्य डोक्यात मराठीत जुळवलं तरी चालतं, फक्त शब्द बदलायचे. तेलुगु लिपीत आपलीच बाराखडी आहे, क-ख-ग-घ त्याच क्रमाने, त्यामुळे पहिल्या महिन्यात दुकानांच्या आणि बसच्या पाट्या वाचायचा नाद लावून घ्या. तमिळला जास्त वेळ द्यावा लागतो कारण क आणि ग ला अक्षर एकच, उच्चार ऐकूनच कळतो. हैदराबादमध्ये हिंदीवर निभतं आणि तोच धोका आहे, हिंदीवर निभावत राहिलात तर पुढच्या गावात गेल्यावर तोंड बंद. मोठ्यांच्या नावापुढे गारू (हिंदीतल्या 'जी'सारखं) लावायला विसरू नका.

कपड्यांचं फार काही नाही. सुती शर्ट घ्या, पॉलिस्टर नको, बुटांचे दोन जोड ठेवा. चेन्नईकडे मोठा पाऊस जून-जुलैत नाही तर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो, छत्री तेव्हासाठी जपा.

पी-डे, म्हणजे आठवड्यातला स्वतःच्या कामांचा दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवारी असतो. धुणं, बाजार, केस कापणं, आणि संध्याकाळच्या आत क्रिकेट. खेळायचं, बघायचं नाही. आयपीएल, पिक्चर, सिरीज काही नाही, आणि पहिल्या एप्रिलमध्ये हे खूप टोचतं हे मान्य. घरी फोन पण त्याच दिवशी. पूर्वी फक्त ख्रिसमस आणि मदर्स डेला बोलता यायचं, 2019 पासून दर आठवड्याला व्हिडिओ कॉल चालतो. वेळ ठरवून टाका, आईला घड्याळ लावून बसता येतं. आणि आईशी खोटं बोलू नका, पण तासभर नुसत्या तक्रारी पण नको, तिला पुढचे सहा दिवस त्याच घेऊन काढायचे असतात. तिला विचारा आज काय केलंस जेवायला, शेजारी काय चाललंय.

मन खूप खाली गेलं, जेवण जाईना, झोप येईना, तर हे आईला कळवायच्या आधी किंवा निदान बरोबरीने मिशन प्रेसिडेंट आणि त्यांच्या मिसेसना कळवा. चर्चचं एक छोटं पुस्तक मिळतं त्यात ताणाला हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे टप्पे दिलेत, आपण कुठे आहोत ते बघा आणि लाल असेल तर त्याच दिवशी बोला, पी-डेची वाट बघू नका. कुणी मध्येच परत आलं तर त्याला ब्रांचमध्ये पहिल्या रविवारी जवळ घेऊन बसा, कारण विचारू नका. मी हे फार कळकळीने सांगतोय, कारण आलेल्या पोराला सगळ्यात जास्त दुखतं ते आपलेच लोक नजर चुकवतात तेव्हा.

शेवटचं कागदपत्रांचं, जे कुणीच सांगत नाही. बारावीनंतर किंवा डिग्रीच्या मध्ये जात असाल तर कॉलेजला लेखी कळवून पोच घ्या, मार्कशीट आणि एलसीचे फोटो डिजिलॉकर किंवा मेलवर टाका, आणि मूळ प्रती घरी कुणाकडे आहेत ते ठरवून जा. परत आल्यावर अ‍ॅडमिशनला गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट लागतं, त्यासाठी मिशनच्या तारखा असलेलं रिलीजचं (मिशन पूर्ण झाल्याचं) पत्र फाइलमध्ये ठेवा, फ्रेम करून भिंतीवर लावणार असाल तर आधी दोन झेरॉक्स काढा.