डाउनलोड मॅनेजर वापरताय? या चुका टाळा

डायल-अपच्या काळात लाइन तुटली की ९० टक्के आलेली फाइलही पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागायची. गेटराइट, फ्लॅशगेट, डॅप या डाउनलोड मॅनेजरची (फाइल उतरवायच्या प्रोग्रॅमची) नावं लोकांच्या तोंडी बसली ती त्यांच्या 'रिझ्यूम' बटणामुळे, म्हणजे थांबलं तिथून पुढे चालू करायच्या सोयीमुळे. पुढे बीएसएनएलच्या काही ब्रॉडबँड प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डेटा मोकळा असायचा. तेव्हा आयडीएमचा (इंटरनेट डाउनलोड मॅनेजरचा) शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी डाउनलोड सुरू करायची सोय, लावून झोपायची अनेकांना सवय लागली.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अडकलेलं डाउनलोड डिलीट करून टाकल्याने. रिझ्यूम कसं चालतं ते पाहा. वेबवर माहिती देण्या-घेण्याचे नियम म्हणजे एचटीटीपी; १९९७ मध्ये आलेल्या त्याच्या १.१ आवृत्तीमध्ये 'रेंज'ची सोय झाली: मॅनेजर 'अमुक बाइटपासून पुढचं दे' असं सांगतो आणि सर्व्हर २०६ हा कोड देऊन तेवढाच तुकडा पाठवतो. २०० आला, तर सर्व्हर फाइल पहिल्यापासून पाठवतोय असं समजा. तिथे इलाज नाही. पण ४०३ आला, तर बहुतेक वेळा लिंकची मुदत संपलेली असते. आयडीएममध्ये त्या फाइलवर राइट क्लिक करून 'रिफ्रेश डाउनलोड अ‍ॅड्रेस' निवडा आणि मूळ पानावरून नवी लिंक द्या. आलेला भाग वाया जात नाही.

एका फाइलसाठी एकाच वेळी उघडायची कनेक्शन ८ वरून ३२ केली की वेग चौपट होतो, हा समज सोडा. तुमची लाइन आधीच भरली असेल तर काहीच फरक पडत नाही, उलट काही सर्व्हर तुम्हाला अडवतात. छोट्या, देणग्यांवर चालणाऱ्या सर्व्हरवर तर २-३ च ठेवा. तिथे इतरही रांगेत असतात.

मोठी फाइल शेवटी अडकली, तर आधी सी ड्राइव्ह बघा. आयडीएम तुकडे तिथे साठवून मग जोडतो, म्हणून तिथेही जागा लागते. पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीची फाइल त्यावर मावणारच नाही.

क्रॅक केलेला आयडीएम मात्र अजिबात नको. फुकटच हवा असेल तर एरिया२ आहे, जेडाउनलोडर आहे. अधिकृत साइटवरूनही डोळे झाकून काही उतरवू नका: 'फ्री डाउनलोड मॅनेजर' नावाच्या प्रोग्रॅमच्या साइटवरून २०२० ते २०२२ दरम्यान लिनक्सच्या काही वापरकर्त्यांना मालवेअर असलेलं पॅकेज मिळत होतं, हे २०२३ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने उघड केलं. लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉल करायची डिस्क-फाइल) उतरवलीत की तिचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळख-आकडा, साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळवा. विंडोजमध्ये तो काढायला सर्टयुटिल ही कमांड आधीपासूनच असते.