इंग्लंडच्या शाळेत मूल रुळावे म्हणून

नोकरीनिमित्त इंग्लंडला निघालेले मराठी पालक शाळेची चौकशी करताना बहुधा अभ्यासक्रमाबद्दल आणि इंग्रजीबद्दल विचारतात. मुलाचा दिवस मात्र डबा, मधली सुट्टी, बाईंशी बोलणे अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर अधिक अवलंबून असतो, आणि म्हणून तयारीही तिथूनच सुरू करावी असे मला वाटते.

त्याआधी इयत्तेचा उलगडा मुलाला करून द्यावा. तिथे शालेय वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असे धरतात आणि त्या काळात सहा वर्षे पूर्ण करणारे मूल इयर वनमध्ये बसते. जन्मतारखेनुसार आपल्याकडे दुसरीत असलेले मूल थेट इयर थ्रीमध्ये जाऊ शकते. ही काही बढती नव्हे, फक्त वयाचा हिशेब आहे, हे त्याला आधीच सांगितलेले बरे. वर्षाच्या मध्येच प्रवेश हवा असेल तर राहत्या भागातील कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, चौकशी करावी.

आता डबा. तिथल्या अनेक शाळांत शेंगदाणे आणि सुकामेवा आणण्यास मनाई असते, कारण एखाद्या मुलाला त्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी असू शकते. मराठी स्वयंपाकात दाण्याचा कूट कुठे कुठे असतो, हे अशा वेळी नीट आठवून पाहावे: साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, चटणी, चिक्की. मेथीचा ठेपला, कूट न घातलेली बटाट्याची भाजी आणि पोळीचा रोल, इडली हे पदार्थ चालून जातात, तरी शाळेचा नियम एकदा वाचूनच डबा भरावा. सरकारी शाळांत रिसेप्शन (इयर वनच्या आधीचा वर्ग), इयर वन आणि इयर टूच्या सर्व मुलांना दुपारचे जेवण मोफत मिळते. घर शाकाहारी असेल तर ते अर्जात स्पष्ट लिहावे, आणि वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या मऊ, चिवट गोळ्यांत पुष्कळदा प्राणिजन्य जिलेटिन असते हेही मुलाला सांगून ठेवावे.

वर्गातल्या वागण्याचा सराव घरी करून घ्यावा. मोठी माणसे बोलत असताना खाली पाहणे आपल्याकडे आदराचे मानले जाते. तिथल्या शिक्षिकेला मात्र मूल ऐकतच नाही असे वाटू शकते. उत्तराची खात्री नसतानाही हात वर करण्याची सवय लावावी. समजले नाही हे सांगण्याचे आणि स्वच्छतागृहात जाण्याची परवानगी मागण्याचे अशी दोन वाक्ये इंग्रजीत तोंडपाठ असली की पहिला आठवडा पुष्कळ सुसह्य होतो.

गणितात आपली मुले सहसा मागे पडत नाहीत, परंतु एक लाख हा आकडा १,००,००० असा लिहिण्याची सवय बदलून स्वल्पविराम १००,००० असा द्यावा लागतो. इयर फोरच्या अखेरीस, जूनमध्ये, बारापर्यंतच्या पाढ्यांची संगणकावर चाचणी होते: २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. ‘बे एके बे’पासून म्हणत ‘बे सत्ते चौदा’पर्यंत पोहोचणाऱ्या मुलाला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून पाढे उलटसुलट विचारावेत. ते मराठीतून म्हणणे थांबवण्याचे मात्र काहीही कारण नाही.

संध्याकाळी ‘आज शाळेत काय केलं?’ असे विचारले की ‘काही नाही’ एवढेच उत्तर येते. त्यापेक्षा डबा खाताना शेजारी कोण बसले होते, सुट्टीत कोणता खेळ झाला, असे नेमके विचारावे आणि उत्तराची घाई करू नये. सुरुवातीचे काही आठवडे मूल वर्गात अगदी गप्प राहिले तरी घाबरून जाऊ नये. नवी भाषा कानावर पडत असताना असे होणे स्वाभाविक असते. घरात मराठी बोलल्याने इंग्रजी मागे पडेल ही भीती मनातून काढून टाकावी. दिवसभर परक्या भाषेत वावरलेल्या मुलाला रागावायला, रडायला आणि हट्ट करायला स्वतःची भाषा घरी मिळालीच पाहिजे.

सुट्ट्यांच्या बाबतीत तिथला नियम कडक आहे. सत्र चालू असताना परवानगीविना मुलाला भारतात नेल्यास पालकांना दंड होऊ शकतो, आणि घरचे लग्न हे कारण शाळा मान्य करीलच असे नाही. दिवाळीच्या मुख्य दिवसासाठी मात्र धार्मिक कारणाने रजा मिळू शकते. तसे पत्र शाळेला आधीच द्यावे.

परतण्याचा विचार असेल तर मराठी वाचन-लेखन पहिल्या महिन्यापासूनच चालू ठेवावे, कारण २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचणे आणि रविवारी आजीला शाळेतल्या गमतीजमतींचे चार ओळींचे पत्र लिहून त्याचे छायाचित्र पाठवणे, एवढा अभ्यास लहान मुलाला झेपतो.