परदेशातून आल्यावर इओसिनोफिल वाढलेत? गोळी घ्यायच्या आधी हे बघा

सीबीसीत (रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत) इओसिनोफिल, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, १० टक्के, १२ टक्के दिसले की लोक घाबरतात, पण टक्क्यांवर जाऊ नका, अ‍ॅब्सोल्यूट काउंट (एक मायक्रोलिटर रक्तातली त्यांची संख्या) बघा. तो ५०० च्या वर असेल तर वाढलाय म्हणायचं. दमा, अ‍ॅलर्जी, नवीन सुरू केलेलं औषध यानेही वाढतो, पण टांझानिया, युगांडा, काँगोकडे नोकरीला राहून आला असाल तर जंत आधी शोधायचे. ताप असेल तर मलेरियाची टेस्ट त्याच दिवशी कराच, फक्त इओसिनोफिल सहसा मलेरियाने वाढत नाहीत, त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणून शोध थांबवायचा नाही.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, कुठे होतात, कधी परतलात, तळ्यात उतरला होतात का, अनवाणी फिरलात का. व्हिक्टोरिया किंवा मलावी सरोवरात नुसते पाय बुडवले तरी शिस्टोसोमा या जंताच्या अळ्या कातडीतून आत शिरू शकतात, मग काही आठवड्यांनी ताप, खोकला, अंगावर पित्तासारख्या गांधी. गंमत नाही, त्या वेळी टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते कारण अँटिबॉडी दिसायला ३ महिनेही लागतात, म्हणून नंतर परत करायची. प्राझिक्वांटेल हे त्यावरचं औषध कोवळ्या किड्यांवर नीट चालत नाही, लवकर दिलं असेल तर पुन्हा द्यावं लागतं.

शौचाची तपासणी वेगवेगळ्या ३ दिवसांची द्या. तरीही स्ट्राँगिलॉइडिस निसटतो, त्याची रक्ततपासणी वेगळी सांगून करून घ्या. हा जंत शरीरातच पिढ्या वाढवत कित्येक वर्षं राहतो आणि दम्यासाठी म्हणून स्टिरॉइड सुरू केलं तर अंगभर पसरून जीवावर बेततो. आयव्हरमेक्टिन या जंतांच्या औषधाने तो जातो, आणि स्टिरॉइड टाळता येण्यासारखं नसेल तर आयव्हरमेक्टिन त्याच्या आधी किंवा निदान सोबत तरी हवंच.

आपल्याकडे इस्नोफिलिया (इओसिनोफिल वाढणं) म्हटलं की हेट्राझान, म्हणजे हत्तीरोगाची डीईसी गोळी, सुरू करतात. विदर्भातल्या हत्तीरोगाच्या भागातला माणूस, रात्रीचा खोकला, काउंट ३००० च्या वर, तिथे ते बरोबरच आहे. पण कॅमेरून, गॅबन, काँगोहून आलेल्याला अजिबात नको, आधी दुपारी १२ च्या सुमारास रक्त घेऊन त्यात लोआ लोआ हा जंत बघा. तो रक्तात खूप असेल तर हेट्राझानने, आयव्हरमेक्टिननेसुद्धा, मेंदूला सूज येऊन माणूस कोमात जाऊ शकतो.

काउंट १५०० च्या वरच राहत असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करा आणि रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर मात्र रिपोर्टची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.