जांभ्याच्या वाटेवर तीनचाकी बाबागाडी: घेण्याआधी काय मोजायचं, काय तपासायचं

बाबागाडी बघायला चिपळूण-रत्नागिरीच्या बाजारात जाण्याआधी हातात टेप घ्या आणि माजघरापासून डांबरी रस्त्यापर्यंत एकदा चालून या. दारांची रुंदी, उंबऱ्याची उंची, ओटीच्या पायऱ्या, अंगणातल्या चिऱ्यांमधल्या फटी, गडग्यातल्या बेड्याची, म्हणजे फाटकाची, मोकळी जागा, वाटेत साकव असेल तर त्याची रुंदी, हे सगळं लिहून काढा. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर कुठलीही गाडी झकास चालते. निवड करायची ती या कागदावरून.

कागदावर पहिल्यांदा पायऱ्या मोजा. रस्ता आणि घर यांच्यामध्ये लांबलचक पाखाडी, म्हणजे चिऱ्यांची पायऱ्यांची वाट, असेल तर तीनचाकी घेऊ नका. हवेच्या चाकांची तीनचाकी साधारण ९ ते १४ किलो भरते. वर्षाचं बाळ ९-१० किलोचं धरलं तर वीस-बावीस किलोचं धूड तुम्ही श्रावणात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून चढवणार. तिथे अंगाला बांधायचा कॅरियरच बरा. पाखाडीच्या पायथ्याशी, तिठ्यावरच्या ओळखीच्या घरी गाडी ठेवता येत असेल तर गोष्ट वेगळी.

चार-पाच पायऱ्या असतील तर अडत नाही. बाळ आधी दुसऱ्याच्या कडेवर द्यायचं, रिकामी गाडी उलटी फिरवायची, मागची मोठी चाकं पायरीला टेकवायची आणि एकेक पायरी वर ओढायची. बाळासकट गाडी दोघांनी दोन बाजूंनी उचलू नये. घाईत हात पडतो तो बाळासमोरच्या आडव्या दांड्यावर, आणि तो दांडा वजन पेलायला केलेलाच नसतो. तो निसटतो, नाहीतर घडीचा खटका सुटून गाडी मिटायला लागते.

तीनचाकीचं खरं राज्य म्हणजे गुहागर, केळशी, दापोलीजवळचं मुरुड, दिवेआगर अशी पुळणीमागच्या (वाळूच्या किनाऱ्यामागच्या) नारळी-पोफळीत वसलेली सपाट गावं. लाल मातीच्या आळ्या, मधूनमधून चिऱ्याचे तुकडे, पावसाने उघडे पडलेले दगड, पोफळीची मुळं. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या हलक्या चारचाकी बाबागाडीची वीतभर उंचीची चाकं अशा वाटेवर प्रत्येक फटीत बसतात. मोठं चाक तोच दगड सहज चढून जातं, कारण दगडाला ते अधिक तिरकं भिडतं. शिवाय तीन चाकं कुठल्याही उंचसखल जागी एकाच वेळी जमिनीला टेकतात. चारचाकीचं एखादं अधांतरी राहतं आणि गाडी डुगडुगते.

याची किंमतही मोजावी लागते. चारचाकीचा पाया चौकोनी असतो, तीनचाकीचा त्रिकोणी. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधार नसतो. बाळ पुढे आणि बाजूला झुकलं, त्याच वेळी उतारावर तुम्ही झटक्यात वळलात, तर गाडी तिरकी कलंडते. म्हणून मागच्या दोन चाकांमधलं अंतर जितकं जास्त तितकं चांगलं, आणि तिथेच जुन्या घरांची दारं आडवी येतात. बहुतेक तीनचाकी मागे ५८ ते ६५ सेंटीमीटर रुंद असतात. दाराची मोकळी रुंदी म्हणजे एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंतची; दार पूर्ण उघडत नसेल तर फळीची जाडी त्यातून वजा करा. दोन्ही बाजूंना मिळून निदान पाच सेंटीमीटर सूट हवी, नाहीतर रोज बोटांची सालं निघतील. बसत नसेल तर गाडी पडवीत ठेवायची आणि बाळ घरात न्यायचं, हा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा.

चाकं

तीन चाकं दिसली म्हणून गाडी खडबडीत वाटेची होत नाही. पुढे जोडीने बसवलेली लहान प्लास्टिकची चाकं आणि मागेही तसलीच, अशा तीनचाकी बाजारात भरपूर आहेत. त्या मॉलसाठी ठीक. आपल्या वाटेला पुढे १२ इंची आणि मागे १२ किंवा १६ इंची, रबरी टायरची चाकं लागतात.

हवेचं टायर की आत फोम भरलेलं? फोमचं पंक्चर होत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ते जड असतं, दगडाचा दणका बाळापर्यंत पोचवतं आणि एकदा झिजलं की बहुधा अख्खं चाकच बदलावं लागतं. जांभ्याच्या वाटेवर रोज फिरायचं असेल तर हवेचं टायर घ्या, सीटखाली मागच्या चाकांना स्प्रिंग असेल तर उत्तम. कुंपणाला घातलेल्या करवंदीच्या काट्या वाटेवर सांडतात, तेव्हा पंक्चर होणारच, हे धरून चाला.

म्हणूनच विकत घेण्याआधी टायरच्या बाजूला छापलेले आकडे वाचा. १२ १/२ × २ १/४ किंवा ६२-२०३ असेल, अथवा १६ × १.७५ म्हणजे ४७-३०५ असेल, तर ही मापं मुलांच्या सायकलींचीच आहेत आणि ट्यूब तालुक्याच्या सायकल दुकानात मागता येते. भलतंच माप असेल तर प्रत्येक पंक्चरला कुरियरची वाट बघावी लागेल. पुढच्या आणि मागच्या चाकांची मापं वेगळी असली तर दोन्हीची एकेक जादा ट्यूब घरात ठेवा. एवढ्या लहान ट्यूबवर पॅच नीट बसत नाही, कारण वळण फार असतं. ट्यूब बदलून टाकणं सोपं.

वॉल्व्हही बघा. मोटारसायकलसारखा जाड वॉल्व्ह असेल तर कुठल्याही नाक्यावर हवा भरता येते. मात्र पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरचा नळ सरळ लावू नका. बहुतेक बाबागाड्यांच्या टायरची मर्यादा ३० पीएसआयच्या आसपास असते, नेमका आकडा टायरवरच छापलेला असतो. लहान ट्यूबमध्ये हवा थोडी मावते, त्यामुळे कॉम्प्रेसर ती मर्यादा क्षणात ओलांडतो. सायकलचा हातपंप पुरतो. हवा कमी ठेवणंही महागात पडतं: दगडावर आदळल्यावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन बारीक छिद्रं पडतात. तशी जोडी दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती.

पुढचं चाक

बाकी सगळं सारखं असलं तरी गाडी चांगली की वाईट हे पुढच्या चाकावर ठरतं. ते सगळीकडे फिरणारं हवं आणि हवं तेव्हा सरळ रेषेत कुलूपबंद करता यायला हवं. घरात, बाजारात, देवळाच्या आवारात फिरतं ठेवा. खडीवर, उतारावर आणि वाळूत कुलूप लावा. फिरतं चाक दगडाला अडखळून आडवं होतं आणि गाडी जागीच थबकते. बाळाला घेऊन धावायचं असेल तर कुलूप लावलंच पाहिजे, आणि गाडी धावण्यासाठी बनवलेली आहे असं तिच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. सहा महिन्यांच्या आत बाळाला घेऊन धावू नये.

पुढचं चाक काढता येणारं असतं, बहुतेकदा सायकलसारख्या क्विक रिलीजच्या खटक्याने. हा खटका नीट आवळला नाही तर चालता चालता चाक निसटतं आणि गाडी नाकावर आपटते. यावरूनच अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१८ साली एका कंपनीच्या तीनचाकी गाड्यांविरुद्ध कारवाई सुरू केली होती. खटका मिटवताना तळहाताला जोर लागला पाहिजे. बोटाने मिटत असेल तर तो सैल आहे. उघडा करा, पलीकडची नट थोडी आवळा, पुन्हा मिटवा. मग गाडीचं नाक उचलून चाक खाली ओढून बघा. चाक काढून बसवल्यावर दर वेळी हे करायचं.

वेगात पुढचं चाक थरथरायला लागलं तर आधी हवा बघा, मग खटका, मग चाक दोन्ही बाजूंना समान अंतरावर बसलंय का ते. कुलूप लावूनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर चाक वाकडं बसलं आहे. काही गाड्यांना हे सरळ करायचा स्क्रू असतो. तो नसेल आणि नव्या गाडीचं हे लक्षण असेल तर ती गाडी घेऊ नका.

दुकानात

दुकानात जाताना दहा किलो तांदळाची पिशवी बरोबर न्या. दुकानदार हसेल, हसू द्या. पिशवी सीटवर ठेवून पट्टे बांधा आणि मग गाडी चालवा. एका हाताने वळते का? हँडल दाबलं की पुढचं चाक सहज उचललं जातं का, म्हणजे उंबरा ओलांडता येईल? कुलूप लावून पाच-सहा मीटर सरळ ढकला. हातभर भरकटली तर नको. बाहेर उतार शोधा, ब्रेक लावा, गाडी पुढे-मागे हलवा. ब्रेकने मागची दोन्ही चाकं अडली पाहिजेत, नुसतं एक नाही. पायाने दाबायचा ब्रेक चपलेतल्या पायाने सोडता येतो का तेही बघा. वर उचलून सोडायचा ब्रेक असेल तर चपलेत अंगठा सोलवटतो आणि मग माणसं ब्रेक लावायचंच टाळायला लागतात. आजी गाडी फिरवणार असतील तर हे सगळं आजींनाच करायला सांगा.

हँडलला मनगटात अडकवायचा पट्टा असला पाहिजे. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीवर चढताना, घाटीच्या उतारावर, जेटीवर तो मनगटात घालायचाच. हँडलला भाजीची पिशवी मात्र अडकवू नका. बाळ उतरवलं की गाडी मागे उलटते. सामान सीटखालच्या टोपलीत, तेही पुस्तिकेत दिलेल्या वजनापर्यंत.

सीटला पाचपदरी पट्टा हवा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेचे, एक पायांमधून. पायांमधला नसेल तर बाळ खाली घसरतं. सव्वा महिन्यानंतर लगेच बाळाला बाहेर काढायचं असेल तर पाठ जवळजवळ सपाट होते का ते तपासा. नवजात बाळासाठी पाठ आणि बैठकीतला कोन निदान १५० अंश असावा असं युरोपचं ईएन १८८८ हे मानक सांगतं. बऱ्याच तीनचाकींची पाठ इतकी कलत नाही. त्या बाळाची मान पक्की होऊन ते बसायला लागल्यावरच वापरायच्या, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर. आधी बसवलं तर मान पुढे पडून श्वासाची वाट दबू शकते.

घडी करून बघा, आणि घडीची लांबी मोजा. ती मीटरभर भरणं काही नवल नाही. रिक्षात सीटमागे मावते का हे नाक्यावरच्या रिक्षावाल्यालाच विचारा. बऱ्याचदा चाकं काढावी लागतात. एसटीने आठवड्यातून दोनदा जाणार असाल तर खरं सांगायचं तर हलकी चारचाकीच घ्या आणि अंगणातली हौस कडेवर भागवा.

खारा वारा, वाळू आणि पाऊस

पुळणीवर ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवर गाडी छान चालते. कोरड्या वाळूत कुलूप लावून गाडी उलटी ओढत न्या. ढकलली तर पुढचं चाक रुततं. लाटेच्या पाण्यात चाकं घालू नका. खारं पाणी बेअरिंगमध्ये शिरलं की दोन-तीन महिन्यांत करकर सुरू होते. चौकट ॲल्युमिनियमची असली तरी रिव्हेट, अ‍ॅक्सल आणि ब्रेकची स्प्रिंग बहुधा लोखंडी असतात, आणि गंज तिथूनच धरतो.

पुळणीवरून आल्यावर तांब्याने गोडं पाणी ओतून चाकं धुवा, पुसा. पाइपचा जोरदार फवारा मारू नका, तो वाळू बेअरिंगमध्ये ढकलतो. पंधरवड्यातून एकदा चाकं काढा, अ‍ॅक्सल पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या. हे टाळलं तर मिठाने चाक अ‍ॅक्सलवर असं चिकटतं की पंक्चर झाल्यावर निघतच नाही. घडीच्या सांध्यांना खोबरेल लावायचा मोह होतो, पण त्यावर वाळू आणि लाल धूळ बसून सांध्यात चिखल होतो. कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा.

सीटचं कापड सुटं होऊन धुता येणारं हवं. जूनपासून चार महिने ओलं कापड घडीत राहिलं की दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके. पावसाचं प्लास्टिक पाऊस पडत असतानाच लावा, आणि त्याला बाजूने हवेची भोकं आहेत ना ते बघा. उन्हात प्लास्टिक किंवा ओढणी गाडीवर टाकू नका; आतली हवा कोंडते आणि बाळ तापतं. डासांसाठी जाळी, उन्हासाठी पुढे ओढता येणारं छत. धातूचं बक्कल असेल तर मे महिन्यात बाळाला बसवण्याआधी हात लावून बघा.

रात्रभर पडवीत राहिलेली गाडी सकाळी झटकल्याशिवाय वापरू नका, टोपली आणि सीटची घडीसुद्धा. चिऱ्यांच्या फटींतून लाल विंचू येतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ज्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला, तोच हा. लहान बाळाला त्याचा दंश जिवावर बेतू शकतो.

जुनी गाडी मिळत असेल तर वाईट नाही, पण आधी तिची चाकं काढून दाखवायला सांगा. चाक निघालं नाही तर गाडी समुद्रावर वापरलेली आणि न धुतलेली आहे. पुढच्या फोर्कच्या प्लास्टिकला चीर, न अडकणारं बक्कल किंवा एकाच चाकावर लागणारा ब्रेक दिसला तर किमतीत घासाघीस करू नका, तशीच परत द्या. नुसते टायर गेले असतील आणि माप सायकलचं असेल तर मात्र बिनधास्त घ्या.