पी पफर घरी आणलाय आणि काहीच खात नाहीये? मग हे करा

पी पफर म्हणजे ड्वार्फ पफर, जेमतेम इंचभर मासा, दुकानात डोळे फिरवत आपल्याकडे बघतो आणि आपण विरघळतो, पण घरी आला की दोन दिवस कोपऱ्यात करडा पडून बसतो, पेलेटकडे, म्हणजे कोरड्या दाण्यांकडे, ढुंकूनही बघत नाही, मग लोक घाबरून टँकमध्ये चार प्रकारचं खाणं ओततात आणि पाणी घाण करून ठेवतात. तो नखरे करत नाहीये. तो डोळ्यांनी शिकार करणारा मासा आहे, जे हलतं ते खाणं आणि जे तळाशी गप्प पडलंय तो कचरा, असा त्याचा सरळ हिशोब. त्यामुळे पेलेट आणि फ्लेक्स सुरुवातीला विसरूनच जा.

मासा आपल्याच पश्चिम घाटातला, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा. होरा आणि नायर यांनी १९४१ साली पंबा नदीतल्या नमुन्यांवरून त्याची शास्त्रीय नोंद केली. अजूनही दुकानात येणारे बरेचसे नदीतून पकडलेले असतात, म्हणजे प्रवासात उपाशी राहिलेले आणि पुष्कळदा पोटात जंत घेऊन आलेले, हे धरूनच चालायचं. आणि हा पूर्ण गोड्या पाण्याचा आहे, दुसरे बरेच पफर निमखाऱ्या पाण्यातले असतात म्हणून कुणी "टँकमध्ये कायमचं मीठ घाला" सांगेल, ते ऐकू नका.

आणायच्या आधी टँक सायकल झालेला हवा, म्हणजे माशाच्या घाणीतून होणारं विष पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढलेले, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. एकट्या माशाला २० लिटर चालतं, पाच-सहा ठेवायचे तर ६० लिटरच्या खाली जाऊ नका, कारण नर एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात. वयात आलेल्या नराच्या पोटाखाली मधोमध गडद रेघ दिसते, एका नराला दोन-तीन माद्या असं जमवायचं, पण दुकानात मिळतात ती पिल्लं, त्यात काही कळत नाही, म्हणून झाडं इतकी दाट लावायची की एकाला दुसरा दिसायलाच नको. जावा मॉस, वॉटर स्प्राइट, हायड्रिला, जे मिळेल ते. स्पंज फिल्टर बेस्ट, प्रवाह जोराचा नको. तापमान २५ ते २८, म्हणजे आपल्याकडे हीटर लागलाच तर थंडीत.

घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग मासा पिशवीतल्या पाण्यासकट डब्यात घ्या आणि एअरच्या नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंब थेंब डब्यात सोडा, पाऊण तास तरी. बोअरचं पाणी असेल तर अजून सावकाश. टँकमध्ये सोडताना जाळीने उचलू नका, कपाने सोडा, पाण्याबाहेर काढला तर तो हवा गिळून फुगतो आणि ती हवा काढणं त्याला जड जातं. फोटोसाठी मुद्दाम फुगवणाऱ्यांना तर मासेच देऊ नयेत.

पहिल्या दिवशी लाइट बंद, काचेला जमल्यास वर्तमानपत्र लावा, खाणं नाही. पहिले काही दिवस काचेवर वरखाली पोहत बसेल, ते चालतं.

दुसऱ्या दिवशी छोट्या गोगलगायी सोडा, रॅम्सहॉर्न किंवा ब्लॅडर स्नेल, झाडांबरोबर फुकटात येतात त्याच. पफरच्या डोळ्याएवढ्या घ्या, ट्रम्पेट स्नेल नको, तिचं कवच फार कडक असतं. आणि मग लांब बसून बघा. मासा गोगलगायीसमोर येऊन जागच्या जागी थांबतो, एक डोळा तिच्यावर, दुसरा तुमच्यावर, अंग थोडं तिरकं करतो, ती कवचातून बाहेर आली रे आली की टक् करून चावतो. हे एकदा झालं की अर्धी लढाई जिंकलीत. जिवंत डाफ्निया (पाण्यातले बारीक किडे) किंवा घरी अंड्यांतून उबवलेले ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) हेही चालतात. गटारातले ट्युबिफेक्स, म्हणजे लाल बारीक किडे, शक्यतो नको, त्यातून रोग येतात. डासांच्या अळ्या त्याला प्रचंड आवडतात, पण बाल्कनीत बादली भरून ठेवाल तर सोसायटीची बोलणी खाल आणि डेंग्यूच्या दिवसात पालिकेची नोटीसही येईल.

जिवंत खायला लागला की फ्रोझन ब्लडवर्मवर, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्यांवर, आणायचं. छोटा तुकडा टँकच्याच पाण्यात वितळवा, ड्रॉपरने चार-पाच अळ्या त्याच्यासमोर हळूच सोडा म्हणजे त्या पडताना वळवळल्यासारख्या दिसतात, किंवा लांब चिमट्यात एक धरून हलवा. थुंकला तरी वैतागू नका, रोज त्याच वेळी त्याच कोपऱ्यात द्या. उरलेलं अर्ध्या तासात काढा, आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन काढून.

रोज नजर पोटावर ठेवा. खाल्लेल्या माशाचं पोट मटारच्या दाण्यासारखं गोल दिसतं. धडधाकट मासा दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर बिघडत नाही, पण पोट आत गेलेलं असेल तर तेवढं थांबू नका, त्याला वेगळ्या डब्यात घेऊन दिवसातून दोनदा जिवंत खाणं द्या. खातोय पण पोट खपाटीलाच आणि विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी असेल तर बहुतेक जंत. त्यावर लेव्हामिसोल, प्राझिक्वान्टेल अशी औषधं आहेत, पण याला खवले नाहीत त्यामुळे डोस अंदाजाने टाकू नका, माशांचं कळणाऱ्या व्हेटला विचारा. तांबं असलेली औषधं तर टँकमध्ये नकोतच, गोगलगायीही मरतात.

एक काम आजच करा, खिडकीत मोठी बरणी ठेवून त्यात गोगलगायी वाढवा, उकडलेल्या काकडीची चकती टाकली की झालं, फक्त तोंडाला बारीक जाळी बांधा. दिवाळीत चार दिवस गावाला जायचं तर निघताना मूठभर टँकमध्ये सोडायच्या, शेजाऱ्याला चावी देऊन "जास्त टाकू नका हां" असं दहादा बजावत बसावं लागत नाही.