अनुदान थांबलं तर नवा अर्ज भरू नका, जुनी नोंद दुरुस्त करून घ्या

संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान अचानक यायचं बंद झालं की लोक आधी सेतू केंद्र गाठतात आणि तिथे हमखास एकच सल्ला मिळतो, "नवीन अर्ज टाका." कृपा करून टाकू नका. नवा अर्ज म्हणजे पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा समितीची बैठक, आणि मंजूर झालंच तर पैसे नव्या मंजुरीपासून. चूक सरकारी नोंदीत असेल तर ती नोंद दुरुस्त व्हायला हवी. दिव्यांग माणसाने पुन्हा रांगेच्या शेवटी का उभं राहायचं?

माझा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर सेरेब्रल पाल्सीचा आहे. त्याची फाइल मी सांभाळते, त्यामुळे गल्लीतल्या इतरांच्या फायलीही माझ्याकडे येतात. पैसे अडकण्याच्या जागा बहुतेक वेळा तीनच असतात: बँक, तहसीलची संगायो (संजय गांधी योजना) शाखा आणि दिव्यांग प्रमाणपत्र. सुरुवात बँकेपासून करा, कारण ते सगळ्यात लवकर कळतं.

पासबुकात एंट्री मारून आणा आणि शेवटचा हप्ता कधी जमा झाला त्यावर खूण करा. मग आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडलं आहे ते कळेल. पैसे आता डीबीटीने (सरकारकडून थेट बँक खात्यात) येतात. म्हणजे अर्जात कुठलाही खाते क्रमांक लिहिलेला असो, आधार ज्या बँकेशी सगळ्यात शेवटी सीड झालं असेल तिथेच ते जातात. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं, असं नाही. त्यासाठी बँकेत वेगळा संमती फॉर्म भरावा लागतो. शेजारच्या काकूंचे पैसे असेच कित्येक महिने दुसऱ्याच खात्यात पडत होते. मोबाइलच्या दुकानात कुणीतरी अंगठा घेऊन ते खातं उघडलं होतं आणि काकूंना त्याचा पत्ताही नव्हता. त्या मात्र तहसीलला विचारून विचारून थकल्या होत्या.

नावाचा घोळ दुसरा. ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर 'डी-एन'ने सुरू होतं, बँकेत 'जी-वाय'ने आणि प्रमाणपत्रावर 'डी-वाय'ने. मराठीत तिन्हीकडे नाव अगदी बरोबर! अशा वेळी आधारला हात लावू नका, बाकीचे कागद आधारप्रमाणे करून घ्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. आधारवरच चूक असेल तर मात्र आधी तीच दुरुस्त करा, नाहीतर सगळी उठाठेव पुन्हा करावी लागेल.

बँकेत सगळं ठीक असेल तर संगायो शाखा. तिथे "पैसे का आले नाहीत?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "ताई, आमच्याकडून गेलेत, बँकेत विचारा." त्याऐवजी असं म्हणा, "भाऊसाहेब, याच्या नावापुढे काय शेरा आहे तेवढा वाचून दाखवा." शेरा कळला की निम्मं काम झालं. 'हयात दाखला नाही' असेल तर दाखला द्या आणि त्याची पोच घ्या. जिवंत माणसापुढे 'मयत' लागलेलं मी पाहिलं आहे. तिथे वाद घालण्यात दिवस घालवू नका. माणसाला नायब तहसीलदारांसमोर उभं करा. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर तलाठ्याने घरी येऊन खात्री करावी, असा लेखी अर्ज द्या.

'उत्पन्न जास्त' असा शेरा असेल तर मर्यादा कोणती लावली ते विचारा. इतर निराधारांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत चालतं, दिव्यांगांसाठी ५०,०००. चुकीची मर्यादा लावून नाव कापलं गेलं तर दोष तुमच्या दाखल्याचा नाही. तसंच रकमेचं. दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजारावरून अडीच हजार झालं आहे. अजून दीडच हजार येत असतील तर नोंदीतला प्रवर्ग तपासा. एखादी दिव्यांग बाई फक्त 'विधवा' म्हणून नोंदलेली असू शकते. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या देशपातळीवरच्या ओळखपत्राची) प्रत जोडून प्रवर्ग बदलून मागा.

प्रमाणपत्रावर दोन गोष्टी बघा. 'तात्पुरते' लिहिलं असेल तर मुदत संपण्याआधीच फेरतपासणीला जा. आणि जुनं एसएडीएमचं (राज्याच्या आधीच्या संगणक प्रणालीतलं) प्रमाणपत्र असेल तर त्याचं यूडीआयडी करून घ्या. टक्केवारीच चुकीची वाटत असेल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. योजनेसाठी लागणाऱ्या ४० टक्क्यांच्या आत-बाहेर असणाऱ्यांसाठी हे अपील फार मोलाचं आहे.

आता अर्ज कसा लिहायचा ते. लांबण नको. मी साधारण असं लिहिते: "माझ्या भावाचं अनुदान मंजुरी आदेश क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये मंजूर आहे. अमुक महिन्यापासून ते जमा झालेलं नाही. नोंदीत 'मयत' असा चुकीचा शेरा असून तो जिवंत असल्याचे पुरावे जोडले आहेत. शेरा रद्द करून बंद झालेल्या महिन्यांची थकबाकी द्यावी." थकबाकीचं वाक्य विसरू नका. न मागता ती येईल असं धरून चालू नका. अर्जाच्या दोन प्रती काढा, एक आवक टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, बघतो" असं कुणी म्हणालं तरी पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोच नसलेला अर्ज दिला होता हे पुढे कुणीही मान्य करत नाही.

महिनाभरात हालचाल नाही झाली तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'का बंद केलं?' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. 'अनुदान बंद करण्याच्या आदेशाची आणि त्यावरील टिपणीची साक्षांकित प्रत द्यावी' असं मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. याच कागदांच्या जोरावर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनात जाता येतं. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. त्याच्याही पुढे पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. त्यांच्याकडे तक्रार पाठवताना पोच, पासबुकाची पानं आणि माहितीच्या अधिकारात मिळालेली प्रत तारखेच्या क्रमाने लावा आणि मूळ कागद एकही देऊ नका.

पैसे सुरू झाले की पहिल्या जमेनंतर पुन्हा एंट्री मारा आणि महिने मोजून बघा. चालू महिन्याचे आले, मागचे राहिले, असं असेल तर त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या.